नारळाच्या झाडावरचा पत्ता

जुहूच्या कब्रस्तानात मोहम्मद रफींची कबर कुठे आहे असं विचारलं, तर उत्तरात एक नारळाचं झाड दाखवलं जातं. 24 डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि 31 जुलै हा मृत्युदिन, असे वर्षातून दोनदा चाहते येतात आणि त्या झाडापाशी उभे राहतात. 2010 सालापर्यंत तिथे बांधलेली कबर होती. नव्या दफनांना जागा हवी म्हणून ती त्या वर्षी काढली. मधुबालेची संगमरवरी कबर, जिच्यावर आयतींबरोबर शेरही कोरलेले होते, तीही तेव्हाच गेली आणि साहिर लुधियानवींचीही गेली.

तेव्हा जे बोललं गेलं ते दोन टोकांचं होतं. चाहते म्हणाले, वारसा मातीत घातला. कब्रस्तानाची बाजू अशी की जागा संपली आहे, आणि मुळात पक्की कबर धर्माला धरून नाही. दोन्ही बाजू संगमरवराबद्दल बोलत होत्या. माझं मत असं की संगमरवर जायलाच हवा होता, आणि तो जाताना जे करायला हवं होतं ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मधुबालेचं निधन 23 फेब्रुवारी 1969 चं. म्हणजे 41 वर्षं ती कबर उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तेवढ्या काळात कुंपणाच्या भिंतीपासून टेप लावून चार आकडे लिहून ठेवले असते आणि ते कागद सगळ्यांना पाहायला मिळाले असते, तर आज झाडाची खूण धरावी लागली नसती. नारळ साठ-सत्तर वर्षं जगतो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा शहरभर झाडं आडवी झाली. त्यात हे एक नव्हतं, एवढाच योग.

जागेचा हिशेब

‘नामवंतांच्या कबरी कायम ठेवा’ ही मागणी करणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं. प्रौढ माणसाचा खड्डा साधारण साडेसहा ते सात फूट लांब आणि अडीच ते तीन फूट रुंद असतो. शेजारच्या खड्ड्याची कड ढासळू नये म्हणून मधे फूटभर माती सोडावी लागते, आणि डोक्या-पायथ्याशी माणसाला उभं राहण्यापुरती जागा लागते. एका कबरीला चार बाय आठ, म्हणजे 32 चौरस फूट धरा. एकराचे 43,560 चौरस फूट. त्यातून रस्ते, पाण्याची टाकी, नमाजाची किंवा प्रार्थनेची जागा, झाडं आणि मातीचा ढीग वजा केले तर एकरात हजारच्या आसपास कबरी बसतात. रोज तीन दफनं होत असतील तर वर्षाला 1,095. म्हणजे एक एकर एका वर्षात संपतो.

मग शहरातली दफनभूमी चालते कशी? जागा पुन्हा वापरून. पाच वर्षांनी तीच जागा पुन्हा उघडता येत असेल, तर पाच-साडेपाच एकरांत हे चक्र कितीही वर्षं फिरत राहतं. एक कबर पक्की केली की तेवढी जागा चक्रातून बाहेर पडते. पन्नास वर्षांत त्या जागेत दहा दफनं झाली असती. संगमरवरी चौथऱ्याची कबर कधीच चार बाय आठमध्ये मावत नाही. ती सहा बाय नऊपर्यंत जाते, शेजारच्या दोन्ही जागा अर्ध्या खाते आणि हिशेब पंधरा-वीस दफनांवर जातो. हे दहा-वीस जण त्याच मोहल्ल्यातले, त्याच पॅरिशमधले (चर्चच्या धर्मग्रामातले) असतात. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं आणि त्यांच्या घरच्यांना दरवेळी दोन बस बदलून यावं लागतं. कायमची कबर ही मुंबईतली शेवटची ओनरशिप आहे, आणि तिची किंमत शेजारी मोजतात.

‘पाच वर्षं’ हा आकडाही सगळीकडे सारखा लागू नाही. किती दिवसांनी जागा उघडता येईल हे जमीन ठरवते. भुसभुशीत, हवा खेळणारी, पाणी मुरणारी माती असेल तर काम लवकर होतं. चिकणमाती असेल, किंवा जमिनीखालचं पाणी वर असेल (मुंबईच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात फावडं दोन-तीन फुटांवर गेलं की पाणी लागतं), तर हवा पोचत नाही, चरबीचा मेणासारखा थर धरतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर उघडलेली जागा पुन्हा बुजवावी लागते. यात भर घालतो तो आपला थाट. पॉलिश मारलेली सागवानी शवपेटी, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर, नायलॉनची साडी, पॉलिस्टरचा सूट. शरीर जातं आणि कपडा तसाच राहतो. वसईकडच्या काही धर्मग्रामांनी पेटी सोडून सुती कपड्यात दफन सुरू केलं त्यामागे हाच हिशेब आहे. मुसलमानांच्या कफनात हे शहाणपण मुळातच आहे. फक्त वर लादी बसवली की ते वाया जातं, कारण पक्क्या लादीखाली पाणी-हवा दोन्ही अडतात.

मुंबईतल्या कॅथलिक पॅरिशांनी यातून वाट काढली आहे. ठरावीक काळानंतर अस्थी काढून भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवायच्या, बाहेर नावाची लहान पाटी लावायची आणि जमीन मोकळी करायची. नाव उरतं, जागाही मिळते. लंडनमध्ये 2007 च्या कायद्याने 75 वर्षांहून जुन्या कबरी उघडायला परवानगी मिळाली. जुने अवशेष त्याच जागी आणखी खोल ठेवायचे आणि वर नवं दफन करायचं. काही ठिकाणी जुना शिलालेख न पुसता दगड फिरवून मागच्या बाजूला नवं नाव कोरतात. मला ही युक्ती आवडते. दगड एक, दोन्ही बाजूंना माणसं, आणि कुणाचंच नाव पुसलं गेलेलं नाही.

शिवडीत काय आहे

जुहूच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. 1865 च्या सुमारास महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ही जागा घेतली. त्याआधी तिथे वनस्पतिउद्यान होतं. इथे दगड टिकले आहेत, पण वाचक गेले आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनस आणि समोरची महापालिकेची इमारत ज्यांच्या हातची, ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स 1900 साली मलेरियाने वारले आणि इथे पुरले गेले. गेटवे ऑफ इंडिया, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि केईएम रुग्णालय उभारणारे जॉर्ज विटेट 1926 साली गेले. वय पन्नाशीच्याही आत. तेही इथेच. व्हीटीला 2004 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रोज लाखो लोक त्या घुमटाखालून लोकल पकडतात, आणि तो घुमट रचणारा माणूस हार्बर लाइनवरच्या शिवडीत आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

काका बॅप्टिस्टा तर आपल्याला आणखी जवळचे. जोसेफ बॅप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीतले. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे 1916 साली पहिले अध्यक्ष, गिरणी-टपाल कामगारांचे वकील, 1925 मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष. 1920 साली टिळकांना गिरगाव चौपाटीवर अग्नी दिला, ती जागा आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. 1930 साली गेलेल्या त्यांच्या या सहकाऱ्याची कबर शिवडीत आहे हे मात्र शोधावं लागतं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे. तिथे फिरायला येणारे ‘बॅप्टिस्टा गार्डन’ म्हणतात आणि बॅप्टिस्टा कोण हे विचारत नाहीत.

याच शिवडीत कवी डॉम मोराइस आहेत. ते 2004 च्या जूनमध्ये गेले. इंग्लंडमधलं ऑडकोम हे प्रवासी टॉमस कोरियटचं गाव, आणि कोरियटवर मोराइस यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या इच्छेप्रमाणे कबरीवरची माती त्याच वर्षी, 19 जुलैला म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, ऑडकोमला नेऊन पुरली. कोरियट स्वतः 1617 साली सुरतेत वारला. मूठभर माती नेली आणि काम झालं. त्यासाठी शिवडीत कुणाची जागा अडली नाही.

दगड वाचवणारे हात

शिवडीसारख्या ठिकाणी दगडाचं सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने येणारे लोक करतात. पुण्यतिथी जवळ आली की कुणीतरी बादली, ॲसिड आणि तारेचा ब्रश घेऊन येतो. संगमरवर म्हणजे चुनखडीच. ॲसिड पडलं की वरचा थर फेसाळून निघून जातो, दगड पांढराशुभ्र दिसतो, टाळ्या पडतात. पुढच्या पावसात त्या खडबडीत पृष्ठावर शेवाळ दुपटीने धरतं, आणि दोन-तीन वेळा असं झालं की अक्षरांच्या कडा बोथट होतात. ब्लीचने क्षार आत शिरतात आणि वाळताना दगड पापुद्र्यांनी सुटतो. गाड्या धुण्याचं जोरदार पाण्याचं मशीन त्याहून वाईट.

करायचं ते कंटाळवाणं आहे. साधं पाणी, मऊ ब्रश, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चपटी काडी. आधी दगड नीट भिजवायचा, मग खालून वर धूत जायचं. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि ते डाग निघत नाहीत. दगडावर बोट घासलं आणि साखरेसारखी कणी हाताला लागली, तर धुणं तिथेच थांबवायचं. असा दगड फक्त फोटो काढून सोडून द्यायचा.

दुरुस्तीत सिमेंट हा दुसरा शत्रू. तुटलेला क्रॉस किंवा पाटी सिमेंटने चिकटवली की जोड दगडापेक्षा कडक होतो. उन्हाने दगड प्रसरण पावतो, जोड हलत नाही, आणि पुढची भेग जोडाशेजारी दगडातच पडते. चुन्याचा मसाला मऊ असतो. तुटायचं झालं तर तो तुटतो आणि दगड वाचतो. जुन्या कबरींमध्ये आत लोखंडी खिट्ट्या असतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत त्या गंजतात, गंज फुगतो आणि दगड आतून फाकतो. तिथे स्टेनलेस स्टीलची खिटी घालायची. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर उपटायचं नाही. मुळाबरोबर अर्धी कबर वर येते. बुंध्याशी कापून खोडाला औषध लावायचं आणि मूळ आतच वाळू द्यायचं. ऑइलपेंट कधीच नाही. आतली ओल कोंडते आणि रंगाबरोबर दगडाचं कातडं सुटतं.

नवी पाटी लावणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ताज्या कबरीवरची माती किमान एक पावसाळा खचत राहते. महिन्याच्या प्रार्थनेला ग्रॅनाइट बसवायची घाई केली की दिवाळीपर्यंत ते एका बाजूला कलतं.

अक्षरं पुसट झाली असतील तर ती उठवण्यासाठी खडू, पीठ, दाढीचा फेस असलं काही फासायचं नाही. हे सगळं छिद्रांत राहतं. टॉर्च किंवा आरसा घेऊन उजेड एका कडेने, जवळजवळ दगडाला घासून पाडायचा. समोरून कोऱ्या दिसणाऱ्या दगडावर नाव उमटतं. जुन्या संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असत. आधी बारीक छिद्रं पाडून त्यांत शिसं ठोकत. शिसं गळून पडलं किंवा चोरीला गेलं तरी छिद्रांच्या रांगेवरून अक्षर ओळखता येतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येक कबरी ‘बिननावाच्या’ म्हणून नोंदल्या जातात.

चार आकडे

मूळ मुद्दा नोंदीचा आहे, आणि तिथेच बहुतेक उत्साही उपक्रम फसतात. पहिली चूक म्हणजे मोबाइलच्या जीपीएसवर विसंबणं. उघड्यावर मोबाइल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडांखाली त्याहून जास्त. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आपल्या वरच्या हिशेबाने पंचवीसेक कबरी येतात. रफींना शोधायला आलेला माणूस त्या पंचविसांतल्या कुणाही भलत्याच्या डोक्याशी फुलं ठेवून जाईल. दुसरी चूक क्यूआर कोडची पाटी. काही उन्हाळ्यांत पाटीवरची छपाई उडते आणि त्याआधीच कोडमागचं संकेतस्थळ बंद झालेलं असतं. दगडात छिन्नीने कोरलेला आकडा दोनशे वर्षं जातो.

पद्धत साधी आहे. आवारातले न हलणारे तीन बिंदू निवडायचे: कुंपणाचा कोपरा, विहिरीचा कठडा, मशिदीच्या किंवा चॅपलच्या जोत्याचा कोपरा. तीन अशासाठी की रस्तारुंदीत कुंपण मागे सरकतं आणि एक बिंदू हमखास जातो. पहिल्या दोन बिंदूंपासून कबरीच्या डोक्यापर्यंत आणि पायथ्यापर्यंत अंतर घ्यायचं. हे चार आकडे. तिसऱ्या बिंदूपासून एक अंतर पडताळ्याला. टेप फायबरचा किंवा स्टीलचा. कापडी टेप ओढला की वाढतो. टेप उताराला चिकटवून धरायचा नाही, आडवा ताणायचा. आणि कबरीपाशी दोन टेपांमधला कोन फार निमुळता होत असेल तर बिंदू बदलायचा, कारण निमुळत्या कोनात टेपमधली चार इंचांची चूक जमिनीवर दोन फुटांची होते. दोन फूट म्हणजे शेजारची कबर. डोकं कुठलं आणि पायथा कुठला हेही लिहायचं. आपल्याकडे मुसलमानांच्या कबरी उत्तर-दक्षिण असतात, डोकं उत्तरेला आणि चेहरा पश्चिमेला वळवलेला; ख्रिस्ती कबरी बहुधा पूर्व-पश्चिम. भर घालून जमीन उंचावली जाणार असेल तर भिंतीवरच्या खुणेपासून सध्याची पातळी किती खाली आहे तेही. जमीन एकदा दीड फूट वर आली की जुनं जोतं शोधताना सगळे गोंधळतात.

मग मजकूर. दगडावर जसा आहे तसा, ओळीला ओळ, शुद्धलेखन न सुधारता. न लागलेली अक्षरं चौकटी कंसात रिकामी सोडायची. अंदाजाने भरायची नाहीत. उर्दू-फारसी लेख असेल तर जाणकार हवाच, कारण कधी कधी शेवटच्या मिसऱ्यात (ओळीत) मृत्यूचं साल दडवलेलं असतं. अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की हिजरी वर्ष निघतं. न कळणाऱ्याला तो नुसता शेर वाटतो. बेने इस्राएलींच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, दगडांवर मराठी आणि हिब्रू शेजारी शेजारी नांदतात आणि तारखा दोन पंचांगांतल्या असतात. फक्त एक भाषा उतरवली तर अर्धी नोंद हरवते.

कार्यालयातली नोंदवही हा याचा दुसरा अर्धा भाग. नाव, वय, तारीख, प्लॉट, कुणी आणलं. अडचण येते ती क्रमांक बदलल्यावर. कधीतरी नव्या व्यवस्थापनाने ब्लॉकना नवे आकडे दिलेले असतात आणि जुन्या वहीतला ‘87’ आजच्या कुठल्या रांगेत हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा जोडतक्ता आधी करायचा, वह्यांचं स्कॅनिंग नंतर. आणि जागा पुन्हा वापरली की ती तारीख जुन्या नोंदीसमोर लिहायची. हा एक रकाना बहुतेक वह्यांत नसतोच.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं. 26 फेब्रुवारी 1887 ला त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी रूरल सिमेट्रीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. आजही मराठी माणूस तिथे जातो आणि त्या दगडापाशी पोचतो. तिथे काही भव्य स्मारक नाही, एक साधा दगड आहे. पण कुठल्या कुटुंबाचा प्लॉट, कुठल्या भागात, हे ठरलेलं आहे, आणि ते एवढं पुरतं.

नामवंत कोण, आणि किती काळ?

चाहत्यांच्या याद्यांमध्ये सिनेमावाले आणि साहेबलोकच असतात, अशी तक्रार होते आणि ती रास्त आहे. शहरात पहिल्यांदा मुलींची शाळा काढणारी बाई, गोदीतला युनियनचा माणूस, सुईण, गवंडी हे यादीत येत नाहीत. म्हणूनच आधी यादी आणि मग मोजणी हा क्रम उलटा हवा. मोजणी सगळ्यांची करायची. दगड उचलण्याआधी फोटो, मजकूर आणि चार आकडे, मग तो रफींचा असो की कुणा फिटरचा. उद्या कोण मोठं ठरेल हे आज कुणालाच माहीत नसतं.

सैनिकी कबरींचं काम बघणाऱ्या राष्ट्रकुलाच्या संस्थेने 1917 पासून हे तत्त्व पाळलंय: जनरल असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा, 2 फूट 8 इंच उंच आणि 1 फूट 3 इंच रुंद. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत. त्यातल्या बऱ्याच पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या ठिकाणांहून हलवून आणल्या, कारण मूळ जागी कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती. देखभालीची ऐपत जिथे आहे तिथे कबर न्यायची, हा व्यवहार आहे आणि त्यात अपमान नाही.

काही मोजक्यांना वेगळा मान द्यायचाच असेल तर बर्लिनचा नियम पाहावा. तिथे शहर काही कबरींना मानाची कबर म्हणून जाहीर करतं आणि खर्च उचलतं, पण वीस वर्षांसाठी. मुदत संपली की पुन्हा प्रश्न: या माणसाची आठवण लोकांत अजून आहे का? असेल तर मुदत वाढते. आपल्याकडे मान एकदा दिला की तो कायमचा असतो आणि देखभाल मात्र एका वर्षात संपते. महापालिकेने प्रत्येक मोठ्या दफनभूमीत दहाच जागा अशा मुदतबंद मानासाठी ठेवाव्यात. आपल्या एकराच्या हिशेबात हा हजारातला एक टक्का. बाकीच्यांचे दगड कुंपणाच्या आतल्या बाजूला उभे लावावेत: भिंतीपासून इंचभर हवा खेळती ठेवून, खाली कडाप्पाचा पट्टा देऊन, जमिनीपासून चार इंच वर, म्हणजे ओल चढणार नाही. फरशीत बसवायचे नाहीत. पायाखाली नाव येणं अनेकांना रुचत नाही, आणि चपलांनी अक्षरं पंधरा-वीस वर्षांत झिजतात.

‘पुरातत्त्व खात्याकडे द्या’ ही सूचना मात्र दुरूनच नमस्कार करण्यासारखी आहे. केंद्रीय संरक्षित स्मारक झालं की भोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण. शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर. चेन्नईत लॉ कॉलेजच्या आवारात गव्हर्नर एलिहू येल यांचा मुलगा डेव्हिड आणि जोसेफ हिनमर यांचं थडगं आहे. त्याच्या संरक्षित दर्जामुळे शेजारचं बांधकाम अडलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते थडगंच हलवायचा आदेश दिला. शंभर मीटरच्या संरक्षणापायी थडग्याच्या पायाखालची जमीनच धोक्यात आली. शिवाय दफनभूमीच्या शंभर मीटरमध्ये राहणारे लोक असतात. त्यांच्या चाळीचा पुनर्विकास एका कबरीसाठी अडवला, तर त्या कबरीबद्दल त्यांना काय वाटेल हे वेगळं सांगायला नको.

धर्माची हरकत येते ती खरं तर बांधकामाला, नोंदीला नाही. कच्ची कबर, वर माती, डोक्याशी साधी खूण, आणि वहीत चार आकडे, याला हरकत घेणारा विरळा. खाजगीपणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. मृत्यूचं कारण, घरचा पत्ता, आणणाऱ्याचं नाव हे रकाने बाहेर देऊ नयेत. नाव, तारीख आणि जागा एवढंच खुलं असावं, आणि तेही घरच्यांना मागे घेण्याची सोय ठेवून. आत जाऊन मोजणाऱ्यांनीही व्यवस्थापनाची लेखी परवानगी खिशात ठेवलेली बरी. दफनाच्या जागेत विनापरवाना शिरून भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे. दफन चालू असेल तेव्हा टेप गुंडाळून बाजूला उभं राहायचं, हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण ते न पाळणाऱ्या गटाला दुसऱ्यांदा आत घेत नाहीत.

खर्च विचाराल तर तीस मीटरचा टेप, दोन वह्या, पेन्सिली (शाई पावसात उतरते), आरसा, मऊ ब्रश आणि दोन माणसं. सरावलेली जोडी दिवसाला चाळीसेक कबरी उरकते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गवत वाळलेलं असतं, दगडांचे पायथे उघडे असतात आणि जमीन कडक असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर शिवडीत गुडघाभर हिरवळ चढते आणि जुहूत चिखल होतो, मग ऑक्टोबरपर्यंत काही करता येत नाही. रफींचा मृत्युदिन तर ऐन पावसात येतो. तेव्हा नारळापाशी छत्र्या घेऊन उभ्या राहणाऱ्यांपैकी जुन्या लोकांना 2010 आधीची कबर पाहिल्याचं आठवतं. झाडापासून किती पावलं, कुठल्या दिशेला, हे ते सांगू शकतात. तीन-चार जणांना वेगवेगळं विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागा टेपने मोजून, जुन्या फोटोंतली मागची भिंत आणि खांब यांच्याशी पडताळता येतात. या माणसांची वयं सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे पुढचा मे महिना हाच त्यासाठी बरा.